बेदाणा जप्तीत, भाडं चालू

पत्र असं आहे:

"आमची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग. गेल्या हंगामात बेदाणा केला आणि ४१२ पेट्या ओळखीच्या अडत्याकडे दिल्या. भाव चढला की विकायच्या, तोवर कोल्ड स्टोरेजला ठेवायच्या, असं तोंडी ठरलं होतं. त्यानं पावत्या स्वतःच्या फर्मच्या नावावर केल्या, त्यांच्यावर बँकेतून कर्ज उचललं आणि फोन बंद केला. आम्ही अकरा शेतकऱ्यांनी जून २०२५ मध्ये विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. पोलिसांनी स्टोरेजमधल्या सगळ्या १,८६० पेट्या जप्त केल्या आणि तिथंच, स्टोरेजवाल्याच्या ताब्यात ठेवल्या. आता तो भाडं मागतोय. पोलीस म्हणतात, कोर्टाची परवानगी काढून माल विकू, तुम्ही ना-हरकत द्या. सासरे म्हणतात, सही केली की माल गेला. दीर म्हणतात, माल आहे तोवर केस आहे. दोघंही ऐकत नाहीत. काय करावं?
ता. क. सासऱ्यांनी या कागदापायी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय."

ताई,

सही करा. पण पोलिसांनी पुढं केलेल्या दोन ओळींच्या ना-हरकतीवर करू नका. वकिलामार्फत तुमचा स्वतःचा अर्ज द्या, त्यात तुमच्या अटी घाला आणि त्या अर्जावर सही करा. बाकीचे दहा जण बरोबर आले तर फार बरं. नाही आले तरी थांबू नका.

एवढं ठाम का सांगतो, तर वकिलीच्या पहिल्या वर्षांत मी एका गुळाच्या प्रकरणात उभा होतो. टेम्पोभर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, जप्त होऊन ठाण्याच्या आवारात पडले होते. माझ्या अशिलाला कुणी तरी पटवून दिलं होतं की विक्रीला होकार म्हणजे गुन्ह्याची कबुली. त्यानं हट्टानं विरोध केला, आणि मीही नवखा, त्याची बाजू जोरात मांडली. विक्रीचा अर्ज फेटाळला गेला. आम्ही जिंकलो म्हणून चहा प्यायलो. दुसऱ्या पावसाळ्यात गुळाला पाझर सुटला. तिसऱ्या वर्षी निकाल लागला, अशील निर्दोष सुटला, मुद्देमाल परत देण्याचा हुकूम झाला. घ्यायला गेलो तर फरशीवर काळा चिकट थर, त्यात बुडालेली पोती आणि मुंग्या. हवालदारानं रजिस्टर पुढं केलं, "माल मिळाला म्हणून सही करा." त्या सहीचं काय करायचं हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं.

आता तुमच्या सासऱ्यांच्या शंकेकडे. जप्त माल कोर्टाच्या हुकमानं विकला तर हक्क संपत नाही, तो पैशावर येऊन बसतो. ही काही वकिलांची मखलाशी नव्हे, कायद्यातच तसं लिहिलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेच्या ४५२ मध्ये, 'मालमत्ता' या शब्दात ती वस्तू ज्यात रूपांतरित झाली किंवा जिच्या बदल्यात जे आलं तेही धरलेलं आहे. पेट्यांच्या जागी कोर्टाच्या खात्यात रक्कम आली, की निकालाच्या दिवशी 'बेदाणा कुणाला द्यायचा' याऐवजी 'ही रक्कम कुणाला द्यायची' एवढाच फरक. आज ज्याचा दावा पेट्यांवर आहे त्याचाच उद्या रकमेवर राहील, ना कमी ना जास्त. दोघांत मोठा फरक एकच आहे: रकमेला व्याज लागतं आणि बेदाण्याला भाडं.

दिरांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही खुळं नाही. माल हाच पुरावा, तो गेला तर आरोपी मोकळा, अशी भीती मी खूप ठिकाणी पाहिली आहे. पण तुमच्या गुन्ह्यात सिद्ध काय करायचंय? तुम्ही माल विश्वासानं दिला आणि त्यानं तो स्वतःचा म्हणून गहाण टाकला. हे पावत्या, स्टोरेजचं आवक रजिस्टर, बँकेचे कागद आणि तुमची साक्ष यांनी सिद्ध होणार. बेदाण्याची चव न्यायाधीशांना पाहायची नाही. जिथं वस्तूच गुन्ह्याचं अंग असते, बनावट नोट, हत्यार, भेसळीचा नमुना, तिथं गोष्ट निराळी. शिवाय नव्या संहितेचं कलम ४९७ नेमकं यासाठीच आलंय. मुद्देमाल हजर झाल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्रक करायचं, फोटो आणि गरज पडल्यास व्हिडिओ काढायचा, आणि ते वर्णन, ते फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतात. त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं याचा हुकूम कोर्टानं द्यायचा आहे. प्रत्यक्षात हे दिवस किती पाळले जातात ते तुम्ही भोगताच आहात. पण अर्जात ही मुदत आवर्जून लिहा. मुदत दाखवली की तारीख लवकर पडते.

नाशवंत माल मध्येच विकण्याची ताकद कोर्टाला जुन्या कलम ४५१ मध्येही होती. शब्द असे आहेत की माल लवकर आणि आपोआप खराब होणारा असेल, किंवा 'अन्यथा तसं करणं इष्ट' असेल, तर आवश्यक तो पुरावा नोंदवून कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. तुमचा आधार पहिल्यापेक्षा या दुसऱ्या शब्दांत जास्त आहे. बेदाणा काही टोमॅटोसारखा चार दिवसांत सडत नाही, त्यामुळं समोरचा वकील उठून म्हणणारच, "स्टोरेजला आहे, त्याला काय धाड भरलीय?" त्याला उत्तर भाड्याच्या आकड्यानं द्या. स्टोरेजवाल्याकडून दरमहा पेटीमागं भाडं किती, आजवर किती थकलं, याचं लेखी पत्र घ्या. स्टोरेजच्या थंडीतही हिरवा माल महिन्यामहिन्यानं काळवंडतो आणि रंग उतरला की सौद्यात तो खालच्या प्रतीत जातो, हे एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रानं दाखवा. माल सांभाळण्याचा खर्च मालाला खाऊन टाकतो, ही गोष्ट कायद्याला नवी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ नियम ४३ मध्ये, जप्त जंगम मालाची राखण त्याच्या किमतीहून महाग पडणार असेल तर जप्त करणाऱ्या अंमलदारानं तो लगेच विकावा, अशी मुभा फार जुनी आहे. तुमचं प्रकरण फौजदारी, त्यामुळं तो नियम थेट लागू नाही, पण युक्तिवादात दाखवायला उपयोगी पडतो. बंदरात अटकावून ठेवलेली जहाजंसुद्धा हायकोर्टाच्या हुकमानं दावा चालू असताना विकली जातात, ती याच हिशेबानं. खलाशांचे पगार आणि धक्क्याचं भाडं रोज चढत असतं.

सुप्रीम कोर्टाचा आधार हवाच असेल तर सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, १ ऑक्टोबर २००२. मुद्देमालाच्या अर्जावर काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाला हा निकाल तोंडपाठ असतो. ठाण्यात वस्तू पंधरा दिवस ते महिना याहून जास्त पडू देऊ नका, पंचनामा करा, फोटो काढा, जामीन घेऊन सोडा किंवा विका, असा त्याचा गाभा. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळं तुम्हाला नवी संहिता लागू, तरी हा निकाल आजही वाचून दाखवतात.

एक गैरसमज वाटेत पडलाय तो उचलून बाजूला ठेवतो. गावात कुणी सांगेल की नाशवंत माल पोलीस अधीक्षकच परस्पर विकू शकतात, कोर्ट कशाला. ती तरतूद आहे, पण मालक अज्ञात किंवा गैरहजर असेल आणि मालाची किंमत पाचशे रुपयांच्या आत असेल तेव्हापुरती. पाचशे रुपयांत तुमची एक पेटी तरी येते का?

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. सगळ्या १,८६० पेट्या एका ढिगात विकल्या गेल्या तर तुमच्या ४१२ कुठल्या हे पुन्हा कधीच सांगता येणार नाही. तुमचा हिरवा, लांब मणी आणि शेजारच्याचा काळा, बारीक माल यांची एक सरासरी निघेल आणि तुमचा पैसा त्या सरासरीत विरघळेल. अडत्याकडे दिलेल्या पेट्यांवर लॉट नंबर टाकलेला असतो, बहुतेक वेळा मार्करनं, एका बाजूला, आणि रचताना ती बाजू भिंतीकडे जाते. म्हणून विक्रीच्या आधी कोर्टाच्या हुकमानं पंचनामा मागा: प्रत्येक लॉटच्या पेट्या वेगळ्या रचायच्या, नंबर दिसेल असा फोटो, पेट्यांची मोजणी, काट्यावर वजन आणि दर लॉटमधून एक सीलबंद नमुना. मग विक्रीही लॉटवार, हिशेबही लॉटवार. अर्जात हा एकच मुद्दा राहून गेला आणि बाकी सगळं आलं तर मी तो अर्ज परत पाठवीन. ज्या पेट्यांवर नंबरच नाही त्यांचं काय, हा प्रश्न येईलच. त्यांचा एक वेगळा लॉट करायचा आणि त्याच्या रकमेवर सगळ्यांचा वाद खुला ठेवायचा.

पोलिसांच्या कागदात बँकेचा उल्लेख नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. हे चुकतंय. तारण कर्ज देणाऱ्या बँकेला नोटीस काढा असं तुम्हीच म्हणा, तुमच्या विरोधात जाणारा पक्ष असला तरी. कारण सांगतो. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं मेमन महोमद हाजी हसन यांचं प्रकरण आलं होतं. कस्टम्स अधिकाऱ्यांनी ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. जप्तीविरुद्धचं अपील चालू असतानाच ती वाहनं, उघड्यावर गंजून सुटे भाग गेलेल्या अवस्थेत, बेवारस म्हणून मॅजिस्ट्रेटच्या हुकमावर विकून टाकली. पुढं अपील मालकानं जिंकलं. कोर्टानं सांगितलं की सरकारकडं माल जप्तीत असतो तेव्हा सरकार सांभाळणारं असतं, परत करायची वेळ येऊ शकते हे धरून नीट सांभाळायचं असतं; विक्रीचा हुकूम दाखवून सुटका नाही, किंमत द्या. यातून घ्यायचं ते असं की ज्याचा दावा माहीत आहे त्याला न सांगता केलेली विक्री पुढं वर्षानुवर्षं डोकं वर काढते. बँक आज बोलावली तर एकदाच भांडेल. उद्या कळलं तर विक्रीच रद्द करा म्हणून येईल.

आणि खोटी आशा देत नाही, बँक जोरात भांडेल. दलालाकडं माल मालकाच्या संमतीनं असेल आणि त्यानं तो नेहमीच्या व्यवहारात गहाण टाकला, घेणाऱ्यानंही चांगल्या भावनेनं घेतला, तर करार कायद्याच्या कलम १७८ खाली ते गहाण टिकू शकतं. म्हणून बँकेनं पावती कुणाची हे नीट पाहिलं का, पेट्यांवरचे शेतकऱ्यांचे लॉट नंबर पाहून तिला शंका यायला हवी होती का, हे प्रश्न तुमच्या वकिलानं आत्तापासून तयार ठेवावेत. विक्रीनं या भांडणाचा निकाल लागत नाही. भांडायला मागं काही तरी शिल्लक राहतं, एवढंच. उद्या फौजदारी कोर्टानं रक्कम बँकेला दिली तरी तो ताब्याचा हुकूम असतो. मालकीसाठी दिवाणी दाव्याची वाट उघडी असते.

"मग विकायचं कशाला, आमच्या ४१२ पेट्या आम्हालाच सुपूर्तनाम्यावर द्या" असं मागावं का? मागा, पर्यायी विनंती म्हणून. पावती तुमच्या नावावर असती आणि दुसरा दावेदार नसता तर मी तेच पहिलं मागायला सांगितलं असतं. विक्रीपेक्षा माल हातात आलेला केव्हाही बरा, आपण आपल्या वेळेला विकतो. पण इथं पावती दुसऱ्याच्या नावावर, वर बँक, आणि कोर्टानं माल दिलाच तर तो 'मागाल तेव्हा हजर करू' अशा बंधपत्रावर देणार. दोन वर्षांनी हजर करायला तो बेदाणा कुठून आणाल? तुमच्यापुरतं विक्रीच सरळ.

विक्री कुठं आणि कशी, यावर अर्जात भरपूर शाई घाला. ठाण्याच्या आवारात पंधरा माणसांसमोर पुकारलेल्या लिलावात चार बोलीदार आधीच एकमेकांना डोळा मारून बसलेले असतात. बेदाण्याला हक्काचा बाजार आहे. माल बाजार समितीच्या सौद्यात, नेहमीच्या व्यापाऱ्यांसमोर, कोर्टाचा नाझर किंवा नेमलेला अधिकारी हजर असताना विकावा, असं म्हणा. त्या आठवड्यातले त्या प्रतीचे दर बाजार समितीकडून लेखी घेऊन किमान बोली ठरवून घ्या; त्याखाली बोली आली तर माल मागं घ्यायचा. आरोपी, त्याची फर्म, त्याचे नातेवाईक यांना बोलीला बंदी. पैसे जागेवर, उधारी नाही. तुमच्या भागात सौद्यानंतर पैसे किती दिवसांनी येतात आणि दिवाळीआधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे आधीची सगळी देणी मिटवण्यासाठी, सौदे बंद ठेवावे लागतात, हे मी तुम्हाला काय सांगू. कोर्टाच्या मालाला ती रीत लावू द्यायची नाही. आणि पेटी फोडून दाखवताना जी उधळण होते, तिचं वजन कुणाच्या नावावर जाणार हेही आधीच ठरवा. सांडलेले दाणे पायदळी जातात, त्याची तूट शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसते.

वेळेचंही बघा. सणांच्या तोंडावर मागणी असते, नवा माल बाजारात आला की भाव दबतो. सणाला महिनाच उरला असेल तर 'अमुक तारखेनंतर विक्री' असं मागायला हरकत नाही. पण भावाच्या आशेनं चार-सहा महिने मागू नका, भाडं त्या आशेला गिळतं.

भाड्याचं म्हणाल तर स्टोरेजवाल्याशी भांडू नका. त्याची फसवणूक झालेली नाही, पण तो अडकलाय, आणि दार उघडायचं त्याच्या हातात आहे. विक्रीच्या रकमेतून आधी त्याचं भाडं जाईल हे गृहीत धरा. फक्त कुठल्या तारखेपासून, कुठल्या दरानं, हे हुकमात लिहून घ्या. जप्तीच्या आधीचं भाडं अडत्याच्या खात्यावरचं आहे, ते तुमच्या रकमेतून कापू देऊ नका. निदान वाद नोंदवून ठेवा.

उरलेली रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत कोर्टाच्या नावानं मुदत ठेवीत, मुदत संपली की आपोआप नूतनीकरण, हे शब्द हुकमात हवेत. हे लिहिलेलं नसलं की पैसा कोर्टाच्या चालू खात्यात बिनव्याजी झोपतो. मी स्वतः असा पैसा सहा वर्षं झोपलेला पाहिलाय आणि उठवायला पुन्हा अर्ज केलाय.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, कलम ४९७ आणि ५०३ दोन्ही लिहून. माल प्रत्यक्ष कोर्टात आणलेला नाही, नुसती जप्ती कळवली आहे (५०३ अशाच मालासाठी आहे), तेव्हा एकच कलम लिहिलं तर कुणी तरी त्यावरच एक तारीख खातो. सरकारी वकील आणि तपास अधिकारी यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येईल. पोलिसांनाच विक्री हवी असल्यानं तिथं अडचण दिसत नाही. आरोपी विरोध करील. करू द्या, त्यालाही विचारा की भाडं तू भरतोस का.

इतर वाचकांसाठी एक ओळ: धान्य किंवा तेलबिया जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जप्त झाल्या असतील तर दार वेगळं आहे, तिथं कलम ६अ खाली जिल्हाधिकारी विक्री करतात, आणि जीएसटीत गाडी अडवली असेल तर नाशवंत मालासाठी पंधरा दिवसांची मुदतसुद्धा अधिकारी कमी करू शकतो, म्हणून तिथं दिवस मोजू नका, तास मोजा.

आता सासऱ्यांबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न पत्राच्या ता. क. मध्ये आहे. त्यांना कागद वाचून दाखवू नका. ज्या माणसानं एकदा विश्वासानं माल दिला आणि तो गेला, त्याला दुसऱ्यांदा 'सही करा' म्हटलं की तेच आठवणार. पंचनाम्याच्या दिवशी त्यांना स्टोरेजला घेऊन जा. वकिलाला सांगून पंचनाम्यात 'लॉट ओळखणारा' म्हणून त्यांचंच नाव घाला. बाग त्यांनी लावलीय, आपला मणी ते मुठीत घेऊन ओळखतील आणि त्यांच्यासमोर पेट्या मोजून, नंबर लिहून, सील लागेल. विक्रीच्या अर्जावरची सही त्यानंतर मागा, त्याच दिवशी, तिथंच. अंगावर स्वेटर आणि बरोबर चष्मा असू द्या. आत गारठा फार असतो आणि पेटीवरचा आकडा बारीक.